प्लास्टिकमधल्या रसायनांनी दमा होतो का? कोणते प्लास्टिक आणि छातीपर्यंत कोणत्या वाटेने, यावर उत्तर ठरते

डोंबिवलीच्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तिच्या सहा वर्षांच्या मुलाला दीड वर्षापासून दमा आहे. मार्चमध्ये तळमजल्यावरच्या भाड्याच्या घरात त्यांनी जमिनीवर पीव्हीसी या प्लास्टिकची शीट चिकटवून घेतली आणि आता जुलैत त्याचा रात्रीचा खोकला वाढला आहे. पती गाद्यांचा फोम तयार करणाऱ्या कारखान्यात आहेत आणि वर्षभरापासून त्यांनाही संध्याकाळनंतर खोकला येतो. प्लास्टिकमुळे दमा होतो असे कुठेतरी वाचल्यावर घरातले डबे, बाटल्या काढून टाकल्या गेल्या आणि त्याबरोबर मुलाचा स्पेसरही (दम्याच्या पंपाला जोडून औषध श्वासातून घ्यायचे नळकांडे) बंद झाला, कारण तोही प्लास्टिकचाच. हे सगळे बरोबर आहे का, असे त्या विचारतात.

सर्वांत आधी स्पेसरबद्दल सांगतो, कारण बाकीचे उत्तर वाचायला वेळ लागेल आणि ही गोष्ट आज रात्रीच बदलली पाहिजे. स्पेसर लगेच पुन्हा सुरू करा. त्यातून औषधाचा फवारा थंड अवस्थेत जेमतेम काही सेकंद जातो. त्या वेळात प्लास्टिकमधून काही निघून मुलाला अपाय होईल, ही भीती धरण्याचे कारण नाही. उलट स्पेसरशिवाय पंप मारला, तर सहा वर्षांच्या मुलाचे बरेचसे औषध घशातच चिकटते आणि फुफ्फुसापर्यंत फार थोडे पोहोचते. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. रोजचा प्रतिबंधक पंप सुरूच न होणे किंवा मध्येच सुटणे, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. तुमच्या मुलाचा खोकला वाढला त्यात शीटचा वाटा किती हे पुढे पाहू, पण स्पेसर बंद पडून औषध नीट न पोहोचल्याचा वाटा त्यात नक्की आहे, असे मी धरून चालतो.

आता मूळ मुद्दा. ‘प्लास्टिक’ हा एक शब्द असला, तरी श्वासनलिकेच्या दृष्टीने तो एक पदार्थ नाही. थंड, कडक, पूर्ण तयार झालेली वस्तू वेगळी. मऊ राहावी म्हणून तेलासारखे द्रव्य मिसळलेली वस्तू वेगळी. आणि अजून तयार होत असलेले, तापलेले किंवा जळणारे प्लास्टिक वेगळे. सामान्यपणे घराघरांत काळजी केली जाते ती पहिल्या प्रकाराची, म्हणजे डब्याबाटल्यांची. दम्यापुरते बोलायचे, तर पुराव्याचे वजन नेमके उलट्या क्रमाने आहे. म्हणून तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारे वाक्य मुलाबद्दलचे नव्हते. पती फोमच्या कारखान्यात आहेत आणि त्यांना संध्याकाळनंतर खोकला येतो, हे ते वाक्य होते.

गाद्यांचा आणि गाड्यांच्या सीटचा मऊ फोम म्हणजे पॉलियुरेथेन. तो दोन द्रव एकत्र करून फुगवतात. त्यातला एक पॉलिऑल आणि दुसरा आयसोसायनेट, बहुधा टीडीआय या नावाने ओळखला जाणारा. हे आयसोसायनेट अतिशय क्रियाशील असते. ज्या गुणामुळे ते पॉलिऑलशी झटकन जुळते, त्याच गुणामुळे श्वासातून आत गेल्यावर ते श्वासनलिकेच्या अस्तरातल्या प्रथिनांनाही जाऊन चिकटते. शरीराच्या दृष्टीने ते प्रथिन मग स्वतःचे राहत नाही आणि प्रतिकारयंत्रणा त्याच्याविरुद्ध उभी राहते. हे पहिल्या दिवशी घडत नाही. काही महिने, कधी काही वर्षे माणूस विनातक्रार काम करतो आणि मग एके दिवशी खोकला सुरू होतो. टीडीआयमुळे होणाऱ्या दम्याची नोंद फ्रान्समध्ये १९५१ सालीच झाली आहे. कामाच्या ठिकाणच्या रसायनांमुळे जडणाऱ्या दम्याच्या कारणांत आयसोसायनेट आजही अगदी वरच्या क्रमांकांत आहे. म्हणूनच युरोपीय संघाने ऑगस्ट २०२३ पासून असे नियम लागू केले की, ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त डाय-आयसोसायनेट (टीडीआय ज्या गटात येते ती रसायने) असलेला माल वापरणाऱ्या प्रत्येक कामगाराला आधी प्रशिक्षण मिळालेच पाहिजे.

या आजाराच्या तीन गोष्टी रुग्णाला आणि कित्येकदा डॉक्टरलाही चकवतात. पहिली म्हणजे वेळ. काही जणांना मशीनजवळ उभे असतानाच त्रास होतो, पण अनेकांना तो चार ते आठ तासांनी होतो, म्हणजे घरी जेवायला बसल्यावर किंवा झोपेत. त्यामुळे दोष घरातल्या धुळीला, फोडणीला नाहीतर पंख्याला दिला जातो आणि कारखाना सुटतो. दुसरी गोष्ट म्हणजे वास. टीडीआयचा वास नाकाला जाणवतो, तेव्हा हवेतले त्याचे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या पुढे गेलेले असते. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने आठ तासांच्या सरासरीसाठी सुचवलेली मर्यादा हवेच्या शंभर कोटी भागांत एक भाग इतकी कमी आहे. तेव्हा ‘आमच्याकडे वास येत नाही’ हे उत्तर पुरेसे नाही. तिसरी गोष्ट म्हणजे रक्ततपासणी. आयसोसायनेटच्या दम्यात विशिष्ट ॲलर्जीची रक्तचाचणी बहुतेकांची नकारात्मक येते, म्हणून ती नकारात्मक आली तरी निदान बाद होत नाही. त्वचेवर सांडलेले रसायनही प्रतिकारयंत्रणेला असे ‘शिकवू’ शकते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. म्हणून हातमोजे घालणे हा केवळ कातडी वाचवण्याचा प्रश्न नाही.

हे निदान बहुतेक वेळा एका वहीच्या पानावर होते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारणारे एक कारागीर येत असत. त्यांच्या दोन भागांच्या रंगातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेटच असते. दोन वर्षे ‘ब्रॉन्कायटिस’ म्हणून गोळ्या घेऊन झाल्या होत्या. मी त्यांना काही शे रुपयांचा पीक फ्लो मीटर (फुंकर किती जोराची आहे हे मोजणारे साधन) घ्यायला सांगितला आणि दिवसातून चार वेळा फुंकून आकडा लिहायला सांगितला. रविवारी सकाळी ४८०, सोमवारी रात्री ४००, बुधवारी रात्री ३५०, शनिवारी ३१०. गणपतीला ते आठ दिवस गावी गेले, तेव्हा आकडा चढत चढत ४९० वर आला आणि परतून कामावर गेल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा ३५० वर उतरला. पानावरचा तो उतार पाहून ते स्वतःच म्हणाले, “डॉक्टर, हे रंगाचंच आहे.” मला त्यावर काही जोडावे लागले नाही.

तुमच्या पतींनी हेच करावे. उठल्यावर, कामाच्या मध्ये, घरी आल्यावर आणि झोपण्यापूर्वी, प्रत्येक वेळी तीनदा फुंकून त्यातला सर्वांत मोठा आकडा लिहावा. निदान चार आठवडे, आणि त्यात कामाचे दिवस व सुट्टीचे दिवस दोन्ही यावेत. सोबत त्या दिवशी कोणत्या मशीनवर होते, हे एका शब्दात लिहावे. त्या नोंदी घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जावे आणि स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुफ्फुसाची क्षमता मोजणारी तपासणी, करून घ्यावी. एकदा संवेदनशीलता आली, की नंतर अगदी अल्प मात्रेनेही झटका येऊ शकतो आणि वर्षानुवर्षे तिथेच काम चालू राहिले, तर नोकरी सोडल्यावरही निम्म्याहून अधिक जणांचा दमा मागे राहतो. लवकर बाजूला झालेल्यांचे बरे होण्याचे प्रमाण चांगले असते, म्हणून इथे महिने घालवू नयेत. साधा कापडी मास्क किंवा एन-९५ धूळ अडवतो, बाष्प अडवत नाही. त्यासाठी बाष्प शोषणारी कार्ट्रिज असलेला किंवा बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो, आणि ज्याला दमा झाला आहे त्याच्यासाठी मुखवट्यापेक्षा जागा बदलणे हाच खरा उपाय आहे. पॅकिंग किंवा डिस्पॅचला बदली मागता येईल. मात्र फोम गरम तारेने कापण्याच्या जागी ती नको, कारण तयार फोम तापला की त्यातून पुन्हा आयसोसायनेट सुटते. आपल्याकडे कामगार राज्य विम्याच्या आणि नुकसानभरपाईच्या कायद्यातील व्यावसायिक आजारांच्या यादीत कामाच्या ठिकाणच्या संवेदनकारक पदार्थांमुळे होणारा दमा समाविष्ट आहे. नोकरी जाईल या भीतीने माणसे गप्प बसतात, हे मी रोज पाहतो. म्हणूनच हातात लेखी नोंदी असणे महत्त्वाचे आहे.

इथे दोन शंका नेहमी विचारल्या जातात, त्यांची उत्तरे देतो. घरातली फोमची गादी फेकून द्यावी का? नाही. फोम पूर्ण तयार झाल्यावर त्यात मोकळे आयसोसायनेट नगण्य उरते. धोका ओतण्याच्या, फुगण्याच्या, मुरण्याच्या आणि तापवण्याच्या टप्प्यांवर असतो. भोपाळचा वायू तो हाच का? १९८४ साली भोपाळमध्ये सुटला तो मिथाइल आयसोसायनेट. कुळ एकच, पण तो कीटकनाशक बनवण्यासाठी वापरला जात होता आणि त्याचा स्वभाव, बाष्प होण्याचा वेग व मात्रा या सगळ्या गोष्टी वेगळ्या होत्या. फोमच्या कारखान्याला भोपाळ म्हणणे चूक आहे आणि ‘भोपाळसारखे काही नाही’ म्हणून निश्चिंत होणेही चूक आहे.

आता तुमच्या जमिनीकडे येतो. पीव्हीसी मुळात कडक असते. पाण्याचे पाइप त्याचेच असतात. त्याची मऊ शीट, रेक्झिन, रेनकोट किंवा टेबलावरचे पारदर्शक कव्हर करायचे, तर त्यात थॅलेट नावाची द्रव्ये मिसळावी लागतात आणि मऊ मालात त्यांचे वजन कधी कधी एकतृतीयांशापर्यंत जाते. ही द्रव्ये प्लास्टिकला रासायनिक बंधाने जोडलेली नसतात. ओल्या फडक्यातल्या पाण्यासारखी ती नुसती मुरलेली असतात. वर्षानुवर्षे ती हळूहळू बाहेर येतात, हवेत फारशी तरंगत नाहीत, तर धुळीच्या कणांवर बसतात. जमिनीजवळ खेळणारे आणि हात तोंडात घालणारे मूल ती धूळ मोठ्या माणसापेक्षा जास्त घेते. जूनमध्ये नव्या रेनकोटला आणि दप्तराला जो उग्र वास येतो, तो मुख्यतः सहज उडून जाणाऱ्या इतर द्रव्यांचा असतो. थॅलेट स्वतः जवळजवळ बिनवासाचे असतात. त्यामुळे वास गेला म्हणजे थॅलेट गेले, असे होत नाही.

या धुळीचा दम्याशी संबंध आहे का, याचा शोध नॉर्वे आणि स्वीडनमध्ये नेटाने घेतला गेला, कारण तिथे पीव्हीसीची जमीन घरोघरी असते आणि खिडक्या महिनोन्‌महिने बंद असतात. ऑस्लोमधल्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांच्या घरात पीव्हीसीची जमीन होती, त्या लहान मुलांत श्वासनलिका आवळण्याचे प्रमाण जास्त आढळले. स्वीडनमधल्या व्हर्मलांड प्रांतातल्या सुमारे ४०० मुलांच्या झोपण्याच्या खोल्यांतली धूळ २००४ च्या अभ्यासात तपासली गेली, तेव्हा डीईएचपी या थॅलेटचे प्रमाण दम्याशी, तर बीबीझेडपी या दुसऱ्या थॅलेटचे प्रमाण नाकाच्या ॲलर्जीशी आणि इसबाशी जुळले. न्यूयॉर्कमधल्या गरीब वस्त्यांतल्या ३०० गर्भवतींच्या लघवीत या गटातल्या दोन थॅलेटचे अंश २०१४ च्या अभ्यासात मोजले होते. ज्या आयांत ते जास्त होते, त्यांच्या मुलांना पाच ते अकरा या वयात दम्याचा धोका सत्तर टक्क्यांहून अधिक वाढलेला दिसला. अभ्यास नीट झालेले आहेत आणि ते एकाच दिशेला बोट दाखवतात. तरीही मी त्यांना ‘संबंध’ म्हणतो, ‘सिद्ध कारण’ म्हणत नाही. स्वस्त पीव्हीसीची जमीन, ओल, कोंदट खोली आणि घरातला धूर या गोष्टी बहुधा एकत्र नांदतात आणि त्या एकमेकींपासून पूर्णपणे वेगळ्या काढणे कोणत्याही अभ्यासाला कठीण जाते. शिवाय इतर काही मोठ्या पाहण्यांत हा संबंध तितका स्पष्ट दिसलेला नाही.

शरीरात काय होत असावे, याचे चित्र प्रयोगशाळांतून बरेचसे स्पष्ट झाले आहे. श्वासनलिकेचे अस्तर म्हणजे शेजारी शेजारी घट्ट बसवलेल्या फरश्यांची जमीन समजा. त्रासदायक द्रव्यांनी या फरश्यांमधले सांधे सैल होतात आणि दुखावलेल्या पेशी धोक्याचा इशारा देणारे रेणू सोडतात. त्या इशाऱ्यावर प्रतिकारयंत्रणेतल्या ज्या पेशी जागतात, त्या इंटरल्यूकिन ४, ५ आणि १३ असे संदेश पाठवतात. त्यामुळे रक्तातल्या इओसिनोफिल पेशी श्वासनलिकेत गोळा होतात, चिकट, शेंबडासारखा स्राव वाढतो, भिंत सुजते आणि तिच्याभोवतालचा स्नायू थोड्याशा कारणाने आवळतो. उंदरांना अंड्यातले प्रथिन एकटे दिले आणि थॅलेटबरोबर दिले, तर काही थॅलेटच्या सोबतीने ॲलर्जीची प्रतिक्रिया अधिक जोरदार होते. म्हणजे थॅलेट बहुधा स्वतः ॲलर्जी देत नाहीत. घरातल्या धुळीतला माइट हा सूक्ष्म जीव, झुरळ, बुरशी यांच्याविरुद्धच्या ॲलर्जीला ते खतपाणी घालतात. अर्थात उंदरांना दिलेल्या मात्रा घरातल्या धुळीपेक्षा पुष्कळ जास्त असतात, हे विसरून चालणार नाही.

तुमच्या घराच्या बाबतीत मला शीटपेक्षा शीटखालची ओल जास्त महत्त्वाची वाटते. तळमजला, चिकटवलेली शीट आणि कोकणपट्टीतला पावसाळा हा संयोग वाईट आहे. सिमेंटचा कोबा अल्कधर्मी असतो; खालून ओल वर चढली आणि वर शीटने ती कोंडली, की त्या ओल्या अल्कधर्मी थरात डीईएचपी आणि काही प्रकारचे गोंद फुटू लागतात आणि २-इथाइल-हेक्झानॉल नावाचे बाष्प सुटते. ते डोळे, नाक आणि श्वासनलिका चुरचुरवते. स्वीडनमधल्या वृद्धांच्या रुग्णालयांत २००० साली झालेल्या पाहणीत, जिथे जमिनीच्या काँक्रीटमध्ये ओल होती आणि हवेत हे बाष्प होते, तिथल्या कर्मचाऱ्यांत दम्याची लक्षणे जास्त होती. त्याच ओलीत बुरशीही पोसते आणि बुरशी दम्याला बिघडवते, याबद्दल तर वादच नाही.

एकदा एका रुग्णाच्या घरी गेलो असताना पलंगाखालच्या कोपऱ्यातली अशी शीट मी उचलून पाहिली होती. वरून ती चकचकीत, रोज पुसलेली, लाकडाच्या नक्षीची. खालच्या बाजूला गोंद पिवळा पडून चिकचिकीत झाला होता, भिंतीलगत हातभर रुंदीचा काळा पट्टा होता आणि गोडसर, डोक्यात भिनणारा वास आला. मुलाचे डोके झोपताना त्या कोपऱ्यापासून दोन फुटांवर असे.

तुम्हीही एक कोपरा उचलून पाहा. खाली कोरडे आणि स्वच्छ असेल, तर घाई नको. ओल, काळे डाग किंवा असा वास असेल, तर निदान मूल झोपते त्या खोलीतली शीट काढा, गोंद खरवडून टाका आणि जमीन सुकू द्या. तोवर मूल आणि त्याचे अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवा. मात्र एक गोष्ट नीट आठवून पाहा: शीट मार्चमध्ये आली, तेव्हा एप्रिल आणि मेमध्ये खोकला कसा होता? तेव्हा तो ठीक असेल आणि जूनच्या शेवटी वाढला असेल, तर पाऊस, शाळा सुरू झाल्यावर लागणारी सर्दी, बुरशी आणि बंद पडलेला स्पेसर हे आरोपी आधी उभे करावे लागतील. शीट काढल्यावर औषध तेच ठेवून चार आठवडे रात्रीच्या खोकल्याची रोज नोंद ठेवा. एका वेळी एकच बदल केला, तरच कशाने गुण आला हे कळते.

डबे आणि बाटल्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण दम्यापुरता त्यांचा पुरावा सर्वांत विरळ आहे. तरी एक घडामोड दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पॉलिकार्बोनेटच्या कडक पारदर्शक बाटल्यांतल्या बिस्फेनॉल-ए या रसायनाची रोज चालू शकणारी मर्यादा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये एकदम वीस हजार पटींनी खाली आणली आणि त्याचा आधार प्रतिकारयंत्रणेवरचा परिणाम हा होता: उंदरांमध्ये दाह वाढवणाऱ्या टीएच-१७ नावाच्या पेशी वाढलेल्या दिसल्या आणि या पेशींचा ॲलर्जीच्या फुफ्फुसदाहाशी संबंध आहे. भारतीय मानक ब्युरोने २०१५ पासून बाळाच्या दुधाच्या बाटल्यांत बिस्फेनॉल-एला मनाई केली आहे. तेव्हा गरम आमटी किंवा चहा प्लास्टिकच्या पिशवीत आणणे आणि प्लास्टिकच्या डब्यात जेवण तापवणे जरूर थांबवा, स्टीलचा डबा आपल्याकडे परका नाही. पण थंड पाण्याच्या बाटलीमुळे मुलाला झटका आला, असे समजू नका. बाटलीखाली १ या आकड्यासोबत जे पीईटी असते, त्याच्या पूर्ण नावात ‘टेरेथॅलेट’ आहे म्हणून घाबरणारे पुष्कळ भेटतात. ते मऊ करणारे थॅलेट नव्हे, तो वेगळा पदार्थ आहे. कोणत्याही ‘डिटॉक्स’ काढ्याचीही गरज नाही, कारण थॅलेट आणि बिस्फेनॉल-ए शरीरातून एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातात. त्यांचे रोज नव्याने आत येणे कमी करणे, एवढेच आपल्या हातात आहे आणि तेवढे पुरते.

याउलट जळणाऱ्या प्लास्टिकबद्दल तुम्ही एका शब्दानेही विचारलेले नाही आणि ते विचारायला हवे होते. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असते. ते जळले की हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो आणि तो श्वासनलिकेच्या ओलाव्यात विरघळून आम्ल होतो. थर्माकोल जळताना स्टायरीन आणि दाट काजळी येते. शिवाय सूक्ष्म कण आणि डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्ये. अमेरिकेतल्या दुकानांत मांस गुंडाळणाऱ्या कामगारांना १९७३ साली दम्यासारखा त्रास आढळला होता. ते पीव्हीसीची पातळ फिल्म फक्त गरम तारेने कापत आणि किमतीचे लेबल तापवून चिकटवत. पुढे संशय लेबलच्या गोंदातून सुटणाऱ्या थॅलिक अनहायड्राइडवर जास्त गेला. एवढ्याशा धुराने जर छाती आवळू शकते, तर संध्याकाळी सोसायटीच्या कोपऱ्यात पेटवलेला पाने-पिशव्यांचा ढीग दम्याच्या मुलाला काय करत असेल, याचा अंदाज करता येतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार क्षेपणभूमीला आग लागली, तेव्हा तो धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली. साध्या प्रकरणात ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड सांगितला. तुमच्या गल्लीत कोणी जाळत असेल, तर महापालिकेकडे तक्रार करा. गावाकडे चूल पेटवताना रॉकेलऐवजी प्लास्टिकची पिशवी घालायची सवय अनेक घरांत आहे. फुंकणी तोंडाशी धरून बसलेल्या बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या मुलाच्या छातीत तो धूर थेट जातो. सुट्टीत मूल गावी जात असेल, तर आजीला हे प्रेमाने, पण ठामपणे सांगा.

घरातल्या हवेबद्दल बोलतोच आहोत, तर एवढे सांगितले पाहिजे की, एका डास-कॉइलच्या धुरातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असे २००३ च्या एका अभ्यासात मोजले गेले होते. अगरबत्तीच्या सुगंधी तेलात पातळ करण्यासाठी डाय-इथाइल थॅलेट सर्रास वापरतात, म्हणजे थॅलेट टाळायचे म्हणून डबे काढले आणि देवघरात दोन्ही वेळा अगरबत्ती चालू राहिली, तर हिशेब जुळत नाही. देवापुढे तुपाचे निरांजन लावा आणि डासांसाठी मच्छरदाणी वापरा. दम्याच्या घरात ही अदलाबदल मी प्रत्येकाला सांगतो. जमीन कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, मुलाचे हात जेवणापूर्वी साबणाने धुवा आणि दुपारी ऊन पडले की खिडक्या उघडा. पतींनी कामाचे कपडे कारखान्यातच बदलावेत आणि ते मुलाच्या कपड्यांसोबत धुवू नयेत.

भेटीला याल तेव्हा तीन गोष्टी सोबत आणा: पतींची पीक फ्लोची वही, कारखान्यात येणाऱ्या ड्रमवरच्या लेबलचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि मुलाचा स्पेसर. स्पेसर आदल्या दिवशी कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घालून त्यात बुडवून काढा आणि न पुसता, उभा ठेवून वाऱ्यावर सुकू द्या. फडक्याने पुसला, तर आत स्थिर वीज तयार होते आणि औषध मुलाच्या छातीत जाण्याऐवजी स्पेसरच्या भिंतीला चिकटून राहते.